सहाशे लॅपटॉप, पाच वर्षं

२०२३च्या मे महिन्यात केंद्र सरकारने लॅपटॉप-संगणकांच्या देशी उत्पादनासाठी १७,००० कोटी रुपयांची दुसरी प्रोत्साहन योजना मंजूर केली. तेव्हापासून महिना-दोन महिन्यांनी कुणी ना कुणी तरुण माझ्याकडे येऊन बसतो. कधी पुण्यातलाच, कधी नाशिक-कोल्हापूरचा. हातात फाइल, फाइलमध्ये एका देखण्या लॅपटॉपचं चित्र, आणि प्रश्न ठरलेला: "ताई, तुम्ही हे केलंय. आम्ही करावं का?"

केलंय खरं. दादा आणि मी १९९९पासून तापकीर गल्लीजवळच्या एका गाळ्यात संगणक जोडून विकत होतो. शाळा, पतसंस्था, सीएंची ऑफिसं, सायबर कॅफे ही आमची गिऱ्हाइकं. पुढे आमच्या नावाचे स्वस्त लॅपटॉपही विकले. आणि २०१८च्या दसऱ्याला आम्ही महागडी मालिका बाजारात आणली. पातळ, धातूच्या अंगाची, आय-सेव्हन प्रोसेसरची. किंमत ९९,९९० रुपये. सहाशे मशीन मागवली होती. दादा यंत्र बघायचा, मी पैसे आणि खरेदी. धंदा बुडाला नाही, पण बँकेकडे गहाण ठेवलेला आमचा नऱ्ह्याचा गोदामाचा गाळा सोडवायला २०२२ उजाडलं. त्या मुलांना तुकड्यातुकड्याने जे सांगते, ते इथे एका जागी लिहून ठेवते.

१. गिऱ्हाईक आधी नाव वाचतं

पहिल्याच आठवड्यात एक आर्किटेक्ट आले. त्यांनी एका बोटाने झाकण उघडलं. महाग मशीन ओळखायची ही जुनी खूण आहे: झाकण एका बोटाने उघडावं आणि खालचा भाग टेबलावरून जराही उचलला जाऊ नये. बिजागरी सैल असली तर झाकण डुगडुगतं, आवळलेली असली तर सगळं मशीनच वर येतं. एवढ्यासाठी दादाने कारखान्याकडून तीनदा नमुने बदलून घेतले होते. आर्किटेक्टांना ते बरोबर जाणवलं, दोनदा उघडमीट करून पाहिली. मग झाकणावरचं नाव वाचलं आणि विचारलं, "मुलाच्या शाळेत तुमचेच कॉम्प्युटर आहेत ना?" मी मोठ्या अभिमानाने हो म्हटलं. ते म्हणाले, "मग हा लाखाचा कसा काय?"

वीस वर्षं राबून आम्ही 'स्वस्त आणि टिकाऊ' असं नाव कमावलं होतं, आणि तेच नाव आता आड आलं. बरं, हे फक्त लहानांच्या वाट्याला येतं असंही नाही. डेलने मार्च २००९ मध्ये 'अडामो' नावाचा लॅपटॉप आणला. अंग ॲल्युमिनियमचं, जाडी साडेसोळा मिलिमीटरच्या आत, किंमत १,९९९ डॉलर. ऑफिसांना ठोक भावात करड्या पेट्या पुरवणारी कंपनी म्हणून जग ज्यांना ओळखत होतं, त्यांच्याकडून एवढ्या पैशांचं दागिन्यासारखं मशीन घ्यायला फारसं कुणी पुढे आलं नाही. किंमत उतरवूनही ते चाललं नाही आणि २०११च्या सुरुवातीला बंद झालं. एचपीने वेगळी वाट धरली. २००६ मध्ये कॅनडातल्या कॅलगरीची 'व्हूडूपीसी' ही हौशी गेमरांची मशीन बनवणारी कंपनीच विकत घेतली. तिच्याकडून आलेलं 'एन्व्ही' हे नाव आधी एचपीच्या लॅपटॉपांत सगळ्यात वर होतं. मग विक्री वाढवायला तेच नाव मधल्या किमतीच्या मशीनवर लावलं, म्हणून वर 'स्पेक्टर' आणावं लागलं, आणि २०२४ पासून स्पेक्टरच्याही जागी 'ऑम्निबुक' आलं. डेलने २०२५च्या जानेवारीत 'एक्सपीएस' हे लोकांना आवडलेलं नाव बंद केलं आणि वर्षभरात परत आणलं.

मुलांना मी विचारते, तुमच्या नावाचा आज लोक काय अर्थ लावतात? हे घरच्यांना विचारून कळणार नाही. पाच अनोळखी गिऱ्हाइकांना विचारून या.

२. तुमची खरी स्पर्धा कुणाशी, हे किंमत ठरवण्याआधी बघा

आम्ही तक्ता केला होता. एका बाजूला आमचं मशीन, दुसऱ्या बाजूला त्याच किमतीतली चार नामांकित मशीन. मेमरी आमची दुप्पट, पडदा आमचा सरस. त्या तक्त्यावर आमचा फार विश्वास होता.

दुकानात गिऱ्हाईक तो तक्ता वाचतच नव्हतं. त्या काळात ॲपलच्या जुन्या मॅकबुक एअरची किंमत दिवाळीच्या ऑनलाइन सेलमध्ये साठ हजारांच्या आसपास यायची. प्रोसेसर जुना, पडदा जुना, तरी लोक रांग लावून घेत होते. एका मुलीने मला सरळ विचारलं, "तीन वर्षांनी हा विकला तर किती येतील?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण आमच्या मशीनला जुन्या बाजारात भावच नव्हता. मॅकबुकला होता. म्हणजे तिच्या हिशेबात आमचं मशीन लाखाचं होतं आणि त्यांचं साठ वजा पुढे परत मिळतील ते पंचवीस. मुलगी कॉमर्सची होती, आणि हिशेब तिचाच बरोबर होता.

३. डॉलर

महाग मशीनमधला जवळजवळ प्रत्येक भाग डॉलरमध्ये येतो: प्रोसेसर, पडदा, मेमरी, एसएसडी. जानेवारी २०१८ मध्ये आम्हाला ९०० डॉलरचा भाव मिळाला, वाहतूक आणि विमा धरून. डॉलर तेव्हा चौसष्टच्या आसपास होता, म्हणजे ५७,६०० रुपये. ९९,९९० मधून १८ टक्के जीएसटी काढला की ८४,७३७ उरतात. त्यातले आठ टक्के डीलरचे. आमच्या हातात ७८,००० यायचे, म्हणजे मशीनमागे वीस हजार. त्यातून जाहिरात, सर्व्हिस, व्याज. जमतंय असं वाटलं.

तीस टक्के आगाऊ रक्कम एप्रिलमध्ये भरली, तेव्हा डॉलर सहासष्ट होता. उरलेले सत्तर टक्के माल निघण्याआधी, सप्टेंबरमध्ये. तोवर डॉलर त्र्याहत्तरला गेला होता, आणि ऑक्टोबरमध्ये चौऱ्याहत्तरच्याही वर गेला. एका मशीनमागे सहा हजारांच्या वर रुपये असे गेले, नफ्याचा जवळपास तिसरा हिस्सा. सहाशे मशीनचे सदतीस लाख. बँकेच्या अधिकाऱ्यांनी एप्रिलमध्येच फॉरवर्ड कव्हर घ्यायला सुचवलं होतं, म्हणजे पुढच्या तारखेचा डॉलर आजच ठरलेल्या भावाने बांधून घेणं. त्याचा खर्च मला जास्त वाटला. तो निर्णय माझा होता, दादाचा नव्हे, आणि ही गोष्ट मी प्रत्येकाला सांगते.

स्वस्त मशीन विकतानाही डॉलर चढायचा. पण तिथे सौदा होऊन पैसे महिन्याभरात सुटायचे. इथे भाव ठरल्यापासून माल दुकानात येईपर्यंत नऊ महिने गेले.

आणखी एक. लॅपटॉपवर सीमाशुल्क शून्य आहे हे ऐकून मुलं खूश होतात. पण माल बंदरात आला की १८ टक्के आयजीएसटी रोख भरावा लागतो. तो पुढे विक्रीच्या करात वळता होतो, पण विक्री झाली तर. मशीनमागे साडेअकरा हजार, सहाशेंचे जवळजवळ सत्तर लाख. हे पैसे आमच्या कागदावरच्या हिशेबात नव्हते, कारण कागदावर ते 'परत येणारे' होते.

४. साचा तुमचा नसेल तर मशीनही तुमचं नाही

नवीन अंगाचा लॅपटॉप बनवायचा तर साचे, फिक्स्चर आणि चाचण्या यांचा खर्च आधी भरावा लागतो, आणि तो हजारो मशीनवर पसरला तरच परवडतो. सहाशे मशीनवाल्याला कारखाना आपल्या शेल्फवरचं तयार अंग दाखवतो. त्यात प्रोसेसर, मेमरी तुमच्या पसंतीची घाला, झाकणावर तुमचं नाव कोरा, रंग बदला. या धंद्यात याला 'पब्लिक मोल्ड' म्हणतात. आम्ही तेच घेतलं, रंग मात्र खास करून घेतला, गडद निळा.

नोव्हेंबरात एका गिऱ्हाइकाने मोबाइलवर फोटो दाखवला. परदेशातल्या एका साइटवर तेच अंग, तीच बिजागरी, तेच स्पीकरच्या छिद्रांचे दोन पट्टे. रंग चंदेरी, नाव भलतंच, आणि भाव आमच्याहून वीस हजारांनी कमी. ते भांडले नाहीत. पण त्यांनी फोन खिशात ठेवला त्या क्षणी आमच्या लाखाच्या मशीनची गोष्ट संपली होती. करारात 'भारतात दुसऱ्या कुणाला देणार नाही' एवढं आम्ही लिहून घेतलं होतं. इंटरनेटवरच्या फोटोला सरहद्द नसते हे तेव्हा सुचलं नव्हतं.

५. चाचणी गिऱ्हाइकाच्या घरात करा

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

डिसेंबरात सदाशिव पेठेतल्या एका शिक्षिकेचा फोन आला. निवृत्त झाल्यावर भाषांतराची कामं करायच्या, लेकाने मशीन भेट दिलं होतं. म्हणाल्या, "अगं, तुमच्या लॅपटॉपला हात लावला की मुंग्या येतात." आधी मला कळेचना. दादा गेला, मीही बरोबर गेले. जुना वाडा, खिडकीत टेबल, टेबलाखाली एक्स्टेंशन बोर्ड. मशीन चार्जिंगला होतं. त्यांनी माझा हात धरून मनगट धातूवर हलकेच फिरवलं. खरंच, बारीक झिणझिणी, खडबडीत कापडावरून हात फिरवावा तशी. चार्जर काढला की ती गायब.

कारण साधं आहे. चार्जरमध्ये विजेचा गोंगाट दाबायला एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून अगदी किरकोळ प्रवाह धातूच्या अंगापर्यंत पोचतो. जिवाला धोका नसतो, प्रमाण मर्यादेतच असतं. प्लॅस्टिकच्या मशीनला हे जाणवतच नाही, म्हणून आधीच्या एकोणीस वर्षांत आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. चार्जरला तीन पिना असत्या तर तो प्रवाह अर्थिंगमधून निघून गेला असता. आम्ही दोन पिनांचा घेतला होता, कारण तो लहान आणि देखणा दिसत होता.

तीन पिनांचे चार्जर मागवायचे ठरवलं. तर चार्जरलाही बीआयएसची नोंदणी लागते, कुठलाही उचलून देता येत नाही. नोंदणी असलेला, आमच्या मशीनला चालणारा चार्जर मिळवायला अडीच महिने गेले. तो घेऊन दादा पहिल्यांदा त्या शिक्षिकेकडेच गेला. लावला, तरी मुंग्या होत्याच. बोर्ड उघडून पाहिला तर तिसऱ्या भोकाला तारच जोडलेली नव्हती. पेठांतल्या कितीतरी घरांत अशीच स्थिती आहे. शेवटी दादाने वायरमन नेऊन त्यांच्या घरात अर्थिंग करून दिलं, आमच्या खर्चाने. लाखाचं मशीन विकून आम्ही लोकांच्या घरातलं वायरिंग करत होतो, आणि मला आजही वाटतं की तेच करायला हवं होतं.

मग मे महिना आला. नागपूरच्या एका इंटिरिअर डिझायनरने कळवलं की दुपारी मशीन गोगलगाय होतं. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. पातळ अंगात हवा खेळायला जागा कमी, त्यामुळे हे लवकर होतं. आमच्या चाचण्या शेन्झेनच्या प्रयोगशाळेत पंचवीस अंश तापमानात झालेल्या. साधारण लॅपटॉप पस्तीस अंशांपर्यंतच्या हवेत चालवायचा असं माहितीपत्रकात असतं. नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो आणि प्रत्येकाकडे एसी नसतो. त्याआधीच्या जुलैत, २०१८ सालीच, ॲपलच्या आय-नाइनच्या मॅकबुक प्रोवरही वेग पडण्यावरून टीका झाली होती आणि त्यांनी काही दिवसांत सॉफ्टवेअरची दुरुस्ती दिली. आमच्याकडे तसं सॉफ्टवेअर लिहिणारी माणसं नव्हती. कारखान्याकडून नवी बायोस यायला सात आठवडे लागले, तोवर पाऊस सुरू झाला होता.

आता कुणी नमुना घेऊन आलं की मी म्हणते, हा मे महिन्यात अकोल्याला न्या, जुलैत रत्नागिरीला ठेवा, आणि एखाद्या वाड्यात अनवाणी बसून चार्जिंगला लावून वापरा. मग बोलू.

६. एक ठिपका

पडद्यावरचा एखादा मेलेला पिक्सेल पडदा बनवणारे दोष मानत नाहीत. ठरावीक संख्येपर्यंत चालतो असं त्यांच्या अटींत असतं. तीस हजारांच्या मशीनवर आमचं गिऱ्हाईकही ते चालवून घ्यायचं, बऱ्याचदा त्याच्या लक्षातही यायचं नाही. लाखाच्या मशीनवर एक ठिपका म्हणजे मशीन परत. कारखाना आम्हाला बदलून देणार नाही, आम्ही गिऱ्हाइकाला देणार. मधला खड्डा आमचा. खरेदीच्या करारात 'शून्य ठिपका' लिहून घ्या आणि त्याचे जास्त पैसे मोजा, ते पुढे स्वस्तच पडतात.

७. जास्त पर्याय देऊ नका

आम्ही चार प्रकार ठेवले. मेमरी बोर्डावरच सोल्डर केलेली, त्यामुळे एकातून काढून दुसऱ्यात घालता येत नाही. सगळ्यात वरचा प्रकार दिसायला भारी म्हणून शंभर मागवले, त्यातले वर्षभरात एकवीस गेले. मधला प्रकार डिसेंबरातच संपला आणि लोक परत जात होते.

८. लॅपटॉप नासतो

कापड पडून राहिलं तर पुढच्या मोसमात विकतं. लॅपटॉप भाजीसारखा. २०१८च्या उत्तरार्धात इंटेलच्या प्रोसेसरांचा जगभर तुटवडा पडला. इंटेलच्या बॉब स्वॉन यांनी सप्टेंबरात जाहीर पत्र लिहून तो मान्य केला होता. तुटवडा पडला की मोठ्या कंपन्यांची मागणी आधी भागते. आमची अडीचशे मशीन दसऱ्याला आली आणि साडेतीनशे नोव्हेंबरच्या शेवटी, दिवाळी उलटून गेल्यावर. मार्च २०१९ पर्यंत दोनशे सत्तर विकली गेली होती. उरलेली तीनशे तीस नऱ्ह्याच्या गाळ्यात.

लोकांना वाटतं, खोक्यात बंद माल म्हणजे सुरक्षित. लिथियमची बॅटरी पडून पडून आपोआप उतरते. अगदी तळाला गेली की परत उठत नाही, कधी फुगते. म्हणून दर चार महिन्यांनी ती निम्म्यापर्यंत चार्ज करून ठेवावी लागते. रविवारी सकाळी दादा, मी, माझा भाचा आणि दोन मुलं गाळ्यात जायचो. खोक्याचं सील सांभाळून काढायचं, फोममधून मशीन उचलायचं, चार्जरला लावायचं. एका वेळी वीस. पंख्यांचा बारीक आवाज, वीस पांढरे दिवे, आणि नव्या मशीनचा तो वास. पन्नास टक्के झाले की बंद करून, पुसून, परत खोक्यात. चार रविवार लागायचे एका फेरीला. नवीन वस्तू दुसऱ्या कुणाच्या हातात पडण्याआधीच म्हातारी होताना मी तिथे पाहिली.

तंत्र पुढे सरकतं तेव्हा चांगली कल्पनाही वाचत नाही. १९९५ मध्ये आयबीएमने थिंकपॅड ७०१ आणला. झाकण उघडलं की फुलपाखराच्या पंखांसारखा कीबोर्ड पसरून मशीनपेक्षा रुंद व्हायचा. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात तो आहे. विकलाही भरपूर. पण पडदेच मोठे व्हायला लागले, मशीन आपसूक रुंद झाली, आणि घडीच्या कीबोर्डाचं कारणच उरलं नाही. मोठ्यांचा साठा अंगावर आला तर आकडे ऐकूनच पोटात गोळा येतो: मायक्रोसॉफ्टने जुलै २०१३ मध्ये सर्फेस आरटी टॅब्लेटच्या साठ्यापायी ९० कोटी डॉलरचा तोटा खाती टाकला. त्यांना तो सोसला.

आम्ही किंमत ७९,९९० केली. त्याच दिवशी डीलरांचे फोन. "ताई, आमच्याकडे जुन्या भावाचा माल आहे, फरक कोण देणार?" या धंद्यात याला 'प्राइस प्रोटेक्शन' म्हणतात. किंमत उतरवली की दुकानात पडलेल्या प्रत्येक मशीनचा फरक कंपनीने भरायचा. स्वस्त मशीनवर तो पाचशे-हजार असतो, इथे वीस हजारांतला मोठा भाग आमच्यावर आला. आणि ज्यांनी आधीच पूर्ण किमतीला घेतलं होतं, त्यांचे फोन वेगळेच. त्यांना द्यायला आमच्याकडे दिलगिरी होती आणि एक वर्षाची वाढीव वॉरंटी. वॉरंटी दिली.

९. दुकानात कोण बोलणार

हडपसरच्या एका दुकानात मी गिऱ्हाईक म्हणून गेले. आमचं दाखवायचं मशीन काचेच्या कपाटात, कुलपात, बंद, झाकणावर बोटांचे ठसे. विक्रेत्या मुलाला किल्ली कुठे आहे माहीत नव्हतं. मशीन बघायला मागितलं तर म्हणाला, "मॅडम, त्यापेक्षा हा घ्या," आणि ज्यावर त्याला इन्सेन्टिव्ह जास्त होता तो दाखवला. त्याचं चुकलं नाही. त्याचा पगार बारा हजार होता, लाखाच्या मशीनबद्दल विश्वासाने बोलायला त्याला आम्ही काय शिकवलं होतं? ॲपलने एप्रिल २०२३ मध्ये मुंबईत बीकेसीला स्वतःचं दुकान उघडलं तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले. प्रत्येक मशीन उघडं, चालू, हात लावायला मोकळं. हा खर्च सहाशे मशीनवर निघत नाही.

१०. सर्व्हिस

दादा म्हणायचा, मशीन आपण एकदा विकतो आणि तीन वर्षं विकत राहतो. तीन वर्षांची वॉरंटी आम्ही मोठ्या तोऱ्यात जाहीर केली होती. त्यासाठी किती सुटे भाग लागतील याचा अंदाज स्वस्त मशीनच्या अनुभवावरून बांधला, शंभराला तीन-चार. पण पातळ मशीनमध्ये सुटा भाग सुटा राहत नाही. काच पडद्याला चिकटवलेली, म्हणून तडा गेला की सगळं वरचं झाकण बदलायचं, मशीनच्या किमतीचा चौथा हिस्सा. कीबोर्डचं एक बटण गेलं की मनगट टेकवायचा धातूचा पत्रा कीबोर्डासकट. ॲपलचा २०१५ पासूनचा 'बटरफ्लाय' कीबोर्ड धुळीने अडकायचा. त्यांनी २०१८ मध्ये मोफत दुरुस्ती जाहीर केली, पुढे ती रचनाच सोडून दिली, आणि अमेरिकेतला दावा २०२२ मध्ये ५ कोटी डॉलरवर मिटवला. एक बारीकशी यंत्रणा, आणि एवढी किंमत.

कारखान्याने दहा महिन्यांतच कळवलं की हे अंग आता बनणार नाही, शेवटचे सुटे भाग हवे असतील तर आत्ता सांगा. हातात पैसा नव्हता. तेव्हा आम्ही जो निर्णय घेतला तो मला आजही योग्य वाटतो. गाळ्यातली नवी कोरी चाळीस मशीन विक्रीतून काढली आणि सुट्या भागांसाठी खोलली. दादाने पहिल्या मशीनचे स्क्रू काढले तेव्हा दोघेही बराच वेळ बोललो नाही. बिजागऱ्या एका डब्यात, बोर्ड अँटिस्टॅटिक पिशव्यांत, पडदे उभे, मध्ये फोम. प्रत्येकावर तारखेची चिठ्ठी.

मार्च २०२० ला नव्वद मशीन शिल्लक होती. लॉकडाऊनमध्ये शाळा, ऑफिसं घरी आली आणि बाजारात लॅपटॉप मिळेना. जूनमध्ये ती नव्वदच्या नव्वद ५८,००० ला गेली, पंधरा दिवसांत. पुष्कळांनी अभिनंदन केलं. मला मात्र दिसत होतं की त्या नव्वदांची वॉरंटी २०२३च्या जूनपर्यंत चालणार आहे. २०२०च्याच नोव्हेंबरात ॲपलचा एम-वन चिपचा एअर ९२,९०० ला आला. पंखा नाही, तापत नाही, बॅटरी दिवसभर. दोन वर्षांपूर्वीच्या आमच्या ९९,९९० शेजारी तो ठेवून दादाने पाहिला आणि म्हणाला, "आपण वेळेत थांबलो."

थांबणं सगळ्यांना सारखं जमत नाही. सोनीने २०१४ मध्ये व्हायोचा धंदा जपानी गुंतवणूकदारांना विकला, तो नागानोत लहान कंपनी म्हणून चालू राहिला. गूगलने २०१३ मध्ये १,२९९ डॉलरचं क्रोमबुक पिक्सेल काढलं आणि २०२२ मध्ये पुढच्या पिक्सेलबुकवर काम करणारी तुकडीच मोडली. त्यांच्या नावाला त्याने धक्का लागला नाही. आम्ही वॉरंटी मोडली असती तर तापकीर गल्लीत दुकान उघडणं अवघड झालं असतं.

शेवटची वॉरंटी जून २०२३ मध्ये संपली. ३ ऑगस्टला सरकारने लॅपटॉपच्या आयातीला परवाना लागेल असं एका दिवसात जाहीर केलं, मग मुदत वाढवली आणि नोव्हेंबरपासून ऑनलाइन मंजुरीची पद्धत आणली. तेव्हा आमचा माल समुद्रात नव्हता. पण ज्यांचा होता त्यांचे त्या आठवड्यातले चेहरे मी पाहिले आहेत. तुमच्या तक्त्यात याही गोष्टीसाठी एक रकाना ठेवा.

गेल्या वर्षी पावसाळ्यात चिपळूणहून एका डॉक्टरांचा फोन आला. दवाखान्यात पाणी शिरलं होतं, मशीन चालू होत नव्हतं. २०१८चं, गडद निळं. वॉरंटी कधीच संपलेली. ते म्हणाले, "ताई, पैसे देतो, पण यातच काम करायची सवय झालीय." कुरिअरने मागवलं. दादाने उघडलं, बोर्डावर हिरवा गंज. कपाटात त्या बोर्डाची शेवटची पिशवी होती, चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात सप्टेंबर २०१९. तो बोर्ड बसवला, नवा कीबोर्डही घातला, आणि बोर्डाचे खरेदीभावाने पैसे घेतले. आता कपाटात दोन बिजागऱ्या आणि एक पडदा आहे.